सहा घाला, तीन उरतात

घरी बायोडिझेल बनवायची कृती तशी चार ओळींची आहे. तळणीचं उरलेलं तेल गाळून घ्या, त्यातलं पाणी जावं म्हणून चांगलं तापवा. मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून ते तेलात मिसळा. तासभर कोमट ठेवून ढवळा, रात्रभर निवत ठेवा. सकाळी वर सोनेरी बायोडिझेल आणि तळाशी काकवीसारखं दिसणारं ग्लिसरीन. झालं!

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकाच्या शेवटी या कृतीचं बऱ्याच लोकांना अक्षरशः वेड लागलं होतं. गॅरेजमध्ये पिंपं, हॉटेलच्या मागच्या दाराशी तेलाच्या वाऱ्या आणि मागून भज्यांचा वास सोडत धावणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या. वाचायला मोठी मजा येते. पण मंडळी, त्या चार ओळींमध्ये एक ओळ राहून गेली होती. आपण जेवढं मिथेनॉल घालतो त्यातलं निम्म्याच्या आसपास वापरलंच जात नाही. मग ते जातं कुठे?

आजचा लेख त्या उरलेल्या मिथेनॉलबद्दल आहे. आपल्या धंद्यातला शब्द वापरायचा तर हा मेमरी लीक. मेमरी मागून घेतली, काम झालं, परत करायला विसरलो. प्रोग्रॅम चालतो, डेमोही झकास होतो, आणि बिल नंतर कोणीतरी भरतं.

आधी थोडं रसायनशास्त्र उरकून घेऊ. (पळू नका, एकच परिच्छेद आहे.) तेलाचा रेणू म्हणजे त्रिशूळ समजा. दांडा ग्लिसरीनचा आणि तीन टोकं म्हणजे मेदाम्लांच्या लांब साखळ्या. हा अख्खा त्रिशूळ बोजड असतो, म्हणून तेल दाट असतं आणि डिझेलच्या इंजिनात नीट फवारलं जात नाही. मिथेनॉलचा एकेक रेणू येतो, एकेक टोक तोडून घेऊन जातो. तीन टोकं, तीन मिथेनॉल. दांडा सुटा होऊन तळाशी बसतो. म्हणजे तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे तीन रेणू पुरेत. पण ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. टोकं परत दांड्याला जाऊन चिकटू शकतात. हिशेबाने नेमके तीनच घातले तर गाडी अर्ध्या वाटेत रेंगाळते आणि बरंच तेल अर्धवट तुटलेलं राहतं. म्हणून तिला पुढे ढकलायला जास्तीचं मिथेनॉल घालतात. किती? तीनाऐवजी सहा.

हा सहाचा आकडा बराचसा इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावातून आला. तिथल्या अमेरिकन कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत फ्रीडमन, प्राइड आणि माउंट्स या तिघांनी निरनिराळी प्रमाणं, तापमानं आणि उत्प्रेरक पद्धतशीर तपासून १९८४ साली निबंध छापला. सहास एक प्रमाण, साठ अंशांच्या आसपास तापमान, एक तास, आणि ९८ टक्क्यांपर्यंत रूपांतर. पुढच्या जवळजवळ प्रत्येक कृतीत हे आकडे कुठे ना कुठे डोकावतात. लिटरमध्ये सांगायचं तर शंभर लिटर तेलाला खरी गरज सुमारे साडेबारा लिटर मिथेनॉलची. सहाच्या हिशेबाने पडतं पंचवीस लिटर. घरी करणारे साधारण वीस लिटरवर भागवत. म्हणजे दर खेपेला सात ते साडेबारा लिटर मिथेनॉल कामाला न लागता तसंच राहणार.

आता जरा मागे जाऊ, कारण या उरलेल्या मद्यार्काचा इतिहास गमतीदार आहे.

रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं, अशी एक गोष्ट फॉरवर्डमधून फिरत असते. ती खरी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर एक छोटं डिझेल इंजिन चाललं होतं हे खरं, पण ते ऑटो कंपनीने चालवलं होतं आणि कल्पना फ्रेंच सरकारकडून आली होती. वसाहतींमध्ये जे पिकतं त्यावर तिथली इंजिनं चालावीत हा त्यामागचा हेतू. स्वतः डिझेलने ही हकिकत नंतर, १९१२ साली सांगितली. शिवाय ते नुसतं तेल होतं, त्यात मद्यार्काचा संबंध नव्हता.

मद्यार्क आला १९३७ साली, बेल्जियममध्ये. ब्रुसेल्स विद्यापीठातल्या जॉर्ज शावान यांनी ३१ ऑगस्ट १९३७ला एक पेटंट घेतलं. विषय होता वनस्पती तेलाचं रूपांतर करून ते इंधन म्हणून वापरणं. आज आपण ज्याला बायोडिझेल म्हणतो त्याची ही पहिली स्पष्ट नोंद मानतात. तेल होतं पामचं, कारण काँगो तेव्हा बेल्जियमच्या ताब्यात होता. १९३८च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर प्रवाशांची एक बस या इंधनावर धावलीसुद्धा. शावान यांनी मुख्यतः वापरलं होतं इथेनॉल, म्हणजे आपला पिण्याच्या दारूतला मद्यार्क. तोही वनस्पतीपासूनच मिळणारा. म्हणजे अख्खं इंधन शेतातलं. किती छान कल्पना! मग सगळे मिथेनॉलकडे का वळले? ते पुढे येईलच.

पुढचा मुक्काम दुसऱ्या महायुद्धातली अमेरिका. ड्युपाँ कंपनीच्या ब्रॅडशॉ आणि म्यूली यांनी १९४२ आणि १९४४ साली पेटंटं घेतली, ती इंधनासाठी नव्हेच, साबणासाठी. नेहमीच्या पद्धतीने साबण केला की ग्लिसरीन पातळ खारट पाण्यात मिसळून बाहेर येतं आणि ते आटवून काढावं लागतं. युद्धात स्फोटकांसाठी ग्लिसरीनची चणचण. त्यांनी काय केलं, आधी मिथेनॉल वापरून तेलाची तीन टोकं तोडली. ग्लिसरीन जवळजवळ कोरडंच तळाशी बसलं. मग त्या टोकांचा साबण केला. आता गंमत बघा. साबण होताना टोकाला चिकटलेलं मिथेनॉल पुन्हा सुटं होतं. म्हणजे या कारखान्यात मिथेनॉल हे हमालासारखं होतं. माल एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर टाकायचा आणि परत यायचं. ते गोळा करून पुन्हा वापरणं हा त्या पद्धतीचा पायाच होता. शिवाय मिथेनॉल एकदम न ओतता हप्त्याहप्त्याने घातलं तर कमी पुरतं, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं.

म्हणजे ही पद्धत कारखान्यात जन्मली तेव्हा उरलेला मद्यार्क परत घेणं गृहीतच धरलेलं होतं. आजही कुठल्याही मोठ्या बायोडिझेल कारखान्यात हवेचा दाब कमी करून मिथेनॉल उडवतात, उंच स्तंभातून त्यातलं पाणी वेगळं करतात आणि ते पुढच्या खेपेला घालतात. तो भाग काढून टाकला तर कारखाना तोट्यात जाईल. पण हीच कृती गॅरेजमध्ये आली तेव्हा तो भाग वाटेत गळून पडला. कोड कॉपी-पेस्ट करताना शेवटच्या चार ओळी राहाव्यात तसं.

गॅरेजमध्ये ती आणली १९९०च्या दशकातल्या हौशी मंडळींनी. १९९७ साली जोशुआ टिकेल हा तरुण तळणीच्या तेलावर चालणारी, रंगवलेली व्हॅन घेऊन अमेरिकाभर हिंडला. पुढे त्याचं पुस्तकही आलं. जपानमध्ये राहणाऱ्या कीथ ॲडिसन यांनी जगभरच्या लोकांच्या कृती गोळा करून इंटरनेटवर फुकट ठेवल्या. हळूहळू बाटलीत एक लिटर, मग बादलीत वीस लिटर, मग पिंपात दोनशे लिटर असा लोकांचा प्रवास सुरू झाला.

या काळातल्या पद्धतीत उरलेल्या मिथेनॉलची सोय साधी होती. ग्लिसरीन काही आठवडे उघड्यावर ठेवा, मिथेनॉल उडून जाईल, मग ते कंपोस्टमध्ये टाका. उरलेला मोठा हिस्सा ग्लिसरीनच्याच थरात जातो, त्यामुळे हा सल्ला अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण बायोडिझेलमध्येही थोडं राहतंच, आणि ते पाण्याने धुताना गटारात जाई. एका बाटलीपुरतं ठीक आहे. दर शनिवारी शंभर लिटर करणाऱ्या माणसाने वर्षभरात शेकडो लिटर मिथेनॉल परसदारी हवेत सोडलं, असा त्याचा अर्थ. तेल फुकट मिळायचं, म्हणजे खिशातून पैसे जायचे ते मुख्यतः मिथेनॉलवर. जे विकत आणलं त्यातलंच निम्मं उडवून द्यायचं! शिवाय ज्याला आपण हिरवं इंधन म्हणतोय त्याच्यासाठी.

'हिरवं' या शब्दाचाही हिशेब मांडू. रॉबर्ट बॉयलने १६६१ साली लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिथेनॉल वेगळं केलं, म्हणून त्याला लाकडाचा मद्यार्क म्हणत. पण १९२३ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीने ते कोळशापासून मिळणाऱ्या वायूतून मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि लाकडाचं नातं संपलं. बाजारातलं बहुतेक मिथेनॉल आज नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून येतं. बायोडिझेलच्या नेहमीच्या रेणूत एकोणीस कार्बन असतात, त्यातले अठरा तेलातले आणि एक मिथेनॉलचा. म्हणजे इंधनातला साधारण विसावा हिस्सा खनिजच. हे चालण्यासारखं आहे. पण जे गाडीत जातच नाही, नुसतं उडून जातं, ते धरलं तर हिशेब बिघडतो.

मग शावान यांचं इथेनॉल का नको? इथे निसर्गाने पाचर मारून ठेवली आहे. या क्रियेत पाणी चालत नाही. पाणी असलं की कॉस्टिक सोडा तेलाचा साबण करून टाकतो आणि सगळ्याचा चिकट लगदा होतो. इथेनॉल परत मिळवायला उकळलं की त्याच्याबरोबर पाणीही येतं, आणि वजनाने साडेपंचाण्णव टक्क्यांच्या आसपास गेल्यावर दोघं हातात हात घालून एकाच तापमानाला उकळतात. कितीही वेळा उकळा, पुढे सरकत नाही. १९०२ साली सिडनी यंग यांनी बेंझीन घालून ही गाठ सोडवायची युक्ती काढली, पण बेंझीन घरात आणणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. मिथेनॉलची पाण्याशी अशी गाठ बसत नाही. ते ६४.७ अंशांना उकळतं, पाणी शंभरला, आणि स्तंभ पुरेसा उंच असेल तर दोघं नीट वेगळी होतात. म्हणजे घरगुती बायोडिझेलवाल्यांनी विषारी आणि खनिज मिथेनॉल निवडलं त्याचं एक कारण ते स्वस्त होतं हे, आणि दुसरं, ते परत मिळवता येतं हे. फक्त परत मिळवायचं मात्र बहुतेकांनी मनावर घेतलं नाही.

ज्यांनी घेतलं त्यांच्यासाठी वाट सोपी झाली ती एका गीझरमुळे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मारिया आलोव्हर्ट या कॅलिफोर्नियातल्या बाईंनी भंगारातला विजेचा गीझर, एक पंप आणि नळाचं साधं सामान वापरून बायोडिझेलचं यंत्र जुळवलं आणि त्याचा आराखडा सगळ्यांना मोकळा करून दिला. 'ॲपलसीड' हे त्याचं नाव. (तिकडचा गीझर म्हणजे आपल्या बाथरूममधल्या गीझरचा थोरला भाऊ, दीडशे-दोनशे लिटरचा.) आपल्या ओपन सोर्ससारखाच प्रकार. कोणीही बनवा, सुधारणा करा, पुढे द्या. त्याआधी लोक उघड्या पिंपात काठीने किंवा ड्रिलने ढवळत, आणि मिथेनॉलची वाफ थेट नाकात. बंद टाकीमुळे पहिली गोष्ट ही झाली की वाफ आत राहिली. आणि आत राहिलेली वाफ नळीने हव्या त्या ठिकाणी नेता येते.

हौशी लोकांनी मग अशाच टाक्यांना वरून तांब्याची नळी काढली, ती गुंडाळून थंड पाण्यातून नेली आणि खाली डबा ठेवला. गोव्यात कोणी फेणीची भट्टी पाहिली असेल तर वेगळं काही सांगायला नको. खाली जाळ, मधे नळी, पुढे गार पाण्यात भांडं. तत्त्व तेच. वीजही फार लागत नाही. एक लिटर मिथेनॉलची वाफ करायला सुमारे पाव युनिट. बाकीचं द्रव तापवणं आणि वाया जाणारी उष्णता धरून समजा दुप्पट-तिप्पट.

पण प्रत्यक्षात उतरल्यावर एकेक कुरापत बाहेर आली. पहिली क्रमाची. वाटतं की सगळं एकाच टाकीत आहे तर आधी मिथेनॉल उडवू, मग थर वेगळे करू. तसं केलं की ती दोन्ही दिशांनी चालणारी क्रिया उलटी फिरते. ढकलणारं जास्तीचं मिथेनॉल निघून गेलं, कॉस्टिक अजून जिवंत आहे आणि ग्लिसरीन शेजारीच आहे. टोकं परत दांड्याला चिकटायला लागतात. म्हणून आधी ग्लिसरीन काढून घ्यायचं, मगच दोन्ही थर वेगवेगळे तापवायचे. दुसरी कुरापत तापमानाची. सुरुवातीला पासष्ट-सत्तर अंशांना धार लागते, पण जसजसं मिथेनॉल कमी होतं तसतसा उकळबिंदू चढत जातो. शेवटचं थोडं काढायला शंभराच्या वर जावं लागतं, आणि तोवर ग्लिसरीनमधला साबण दुधासारखा उतू येऊन नळीत शिरतो. तिसरी, मिळालेलं मिथेनॉल पाणीदार असू शकतं. ते घनता मोजून कळतं. शुद्ध मिथेनॉलची घनता ०.७९, पाण्याची १. काटा जितका वर, तितकं पाणी जास्त, तितका पुढच्या खेपेला साबण जास्त. चौथी खुद्द गीझरची. आतली विजेची कांडी द्रवात पूर्ण बुडालेली असली तरच सुरक्षित. उकळून पातळी खाली गेली आणि कांडी उघडी पडली की ती लाल होते, आणि भोवती मिथेनॉलची वाफ.

इथे मात्र विनोद बाजूला ठेवतो. मिथेनॉलची वाफ ११ अंशांनाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे मुंबईत कायमच. हवेत सहा टक्के झाली की ठिणगी पुरते. दिवसाउजेडी तिची ज्वाला जवळजवळ दिसत नाही, माणूस आगीत हात घालतो आणि मगच कळतं. तिकडे गॅरेजं जळाल्याच्या बातम्या येत राहिल्या त्या यामुळेच. आणि विष म्हणाल, तर दहा मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर जातं. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूने माणसं गेली, मालवणीत शंभराहून जास्त. दारूत होतं ते हेच मिथेनॉल, कारखान्यांसाठीच्या साठ्यातून वाट चुकवून आणलेलं. आपल्याकडे मिथेनॉल ठेवायला आणि विकायला परवाना लागतो तो उगीच नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी फ्लॅटच्या बाल्कनीत भट्टी लावू नये. सोसायटीचे सेक्रेटरी हा तुमचा सगळ्यात छोटा प्रॉब्लेम असेल.

म्हणजे बघा, पेच खरा आहे. मिथेनॉल परत न मिळवावं तर पैसे, हवा आणि हिरवेपणा तिन्ही जातात. मिळवावं तर घरात दारूभट्टीसारखं यंत्र ठेवायचं, तेही विषाचं आणि ज्वालाग्राही वाफेचं. जे शिस्तीने करत ते गॅरेजऐवजी उघड्या शेडमध्ये करत, गॅसच्या जाळाला मनाई, नळीचं तोंड कधी बंद नाही, आणि भट्टी चालू असताना तिथून हलायचं नाही. काहींनी चारजण मिळून सहकारी तत्त्वावर एकच नीट यंत्र बांधलं. माझ्या मते शहाणपण तिथेच होतं. ही वस्तू मुळात कारखान्यातली. ती घरात आणायची तर कारखान्याची शिस्तही आणावी लागते, आणि तेवढी एकट्याला झेपत नाही.

काळानेही पुढे तेच सांगितलं. ब्रिटनने २००७ साली वर्षाला २५०० लिटरपर्यंत घरगुती इंधनाला करातून सूट दिली, पण तोवर मोठ्या कारखान्यांची लाट आली होती. सगळ्या जगात इतकं ग्लिसरीन साचलं की ज्या पदार्थासाठी १९४०च्या दशकात ही पद्धत शोधली, तो आता फुकटही कोणी घेईना. दुसरीकडे तळणीच्या तेलाला भाव आला. जी हॉटेलं पूर्वी 'घेऊन जा बाबा' म्हणत, ती कुलूप लावून ठेवायला लागली, कारण तेलाच्या चोऱ्या व्हायला लागल्या. फुकट तेलावर उभा असलेला घरगुती हिशेब तिथे ढासळला. आपल्याकडेही २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजना आणली, तीही कारखान्यांसाठीच.

आता मला या हौशी मंडळींना हसायचं नाहीये. त्यांनी हॉटेलच्या मागे पडलेल्या तेलाची किंमत आधी ओळखली आणि मग बाजाराने. पण त्यांच्यातले दोन गट मला फार वेगळे वाटतात. एक, ज्याने सोनेरी इंधनाची बरणी उन्हात धरून फोटो काढला. दुसरा, ज्याने तळाच्या तपकिरी थरात किती लिटर मिथेनॉल अडकलंय ते मोजलं. पहिल्याचं डेमो छान होतं. सिस्टीम मात्र दुसऱ्याने चालवली.

पुढच्या वेळी कोणी घरगुती, स्वस्त, हिरवं असं काही दाखवलं, तर एवढंच विचारा: सहा घातले, तीन वापरले, बाकीचे तीन कुठे गेले?

असो. पुढच्या रविवारी भेटूच.